जुनं शिलाई मशीन नेमकं कुणाचं? आधी खाली बघा, मग नाव वाचा

काळ्या मशीनच्या खांबावरच्या पितळी बिल्ल्यात १८५१ हे साल दिसतं, आणि मग घरात ठरून जातं की आपलं मशीन १८५१ सालचं. बिल्ला मऊ फडक्याने जरा पुसून बघा. १८५१ च्या जोडीला १९५१ सापडेल आणि कडेने निळी पट्टी दिसेल. सिंगर कंपनीने शंभरी साजरी करताना हा खास बिल्ला बसवला होता. पणजीच्या रुखवतात आलेलं म्हणून सांगितलं जाणारं मशीन अशा वेळी आजीच्या संसारातलं निघतं. मशीन त्याने वाईट ठरत नाही, फक्त शंभर वर्षांनी तरुण होतं.

जुन्या मशीनची ओळख पटवताना घोळ होतो तो बहुधा अशाच जागी. सोनेरी अक्षरांतलं नाव, बिल्ला, मेडलं, राजघराण्याचे उल्लेख, हे सगळं गिऱ्हाइकाने वाचावं म्हणून लिहिलेलं असतं. दुसरीकडे शटलचा आकार, सरकत्या पट्ट्यांची दिशा, लोखंडात ठोकलेला नंबर, सुट्या भागांवरचे बारीक आकडे, या गोष्टी कारागिरासाठी आणि कारखान्यातल्या कारकुनासाठी होत्या. त्यांना गिऱ्हाइकावर छाप पाडायची नव्हती. म्हणून माझा क्रम उलटा असतो: आधी यंत्रणा, मग नंबर, मग बारीक छाप आणि सगळ्यात शेवटी नाव.

बॉबिन काढा

सुईखालची चकचकीत पट्टी सरकवा आणि खालचा दोरा कशात भरलाय ते बघा. एवढ्या एका कृतीने निम्मं काम होतं.

आज शिवणक्लासमध्ये दिसते तशी गोल, चपटी बॉबिन असेल आणि ती वेगळ्या डबीत बसून बाजूने आत जात असेल, तर यंत्रणा सिंगरच्या १५ नंबरच्या घराण्यातली समजा. फिलिप डील या सिंगरच्या अभियंत्याने १८८० च्या आसपास हा प्रकार घडवला. त्यात हुक, म्हणजे खाली वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा भाग, पूर्ण गोल न फिरता मागे-पुढे डोलतो. हे यंत्र इतकं साधं आणि टणक निघालं की पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. आपल्याकडची उषा किंवा लुधियानाची काळी घरगुती मशीनं उघडून बघितली तर आत तीच मांडणी असते. त्यामुळे १५ नंबरची यंत्रणा दिसली म्हणून मशीन सिंगरचंच, असं मुळीच म्हणता येत नाही. मशीन जुनंच आहे, असंसुद्धा म्हणता येत नाही, कारण हा प्रकार आजही बनतो आणि विकला जातो.

गोल बॉबिन वरूनच खाली टाकायची असेल आणि मशीन सिंगरचं असेल, तर ते बहुधा ६६, त्याचं लहान भावंड ९९, किंवा १९३० च्या दशकातलं २०१. यांतलं २०१ हे अनेक जुन्या कारागिरांचं लाडकं मशीन. त्याचा हुक पूर्ण गोल फिरतो आणि टीप इतकी शांतपणे पडते की मशीन चालू आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं.

खरी गंमत लांब बॉबिनची. दोन्ही टोकांना चकत्या असलेली बारीक काडी आणि ती ज्यात बसते ते निमुळतं पोलादी शटल सापडलं, तर तुमच्या हातात जुन्या घराण्याचं मशीन आहे. इथे आणखी एक गोष्ट तपासायची. हाताने चाक सावकाश फिरवा आणि शटल कसं पळतं ते बघा.

ते डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत ये-जा करत असेल, तर हा आडव्या शटलचा प्रकार. सिंगरच्या १८६५ च्या 'न्यू फॅमिली'त, म्हणजे पुढे १२ नंबर म्हणून ओळखल्या गेलेल्या मॉडेलमध्ये, हीच रचना होती. जर्मन कारखान्यांनी ती उचलली आणि सिंगरने सोडून दिल्यावरही बरीच वर्षं चालवली. अशा मशीनला सुईच्या डाव्या आणि उजव्या अंगाला एकेक सरकती पट्टी असते.

शटल गोळीच्या आकाराचं असेल आणि झोक्यावर बसल्यासारखं कमानीत मागे-पुढे हलत असेल, तर ते डोलत्या शटलचं मशीन. सिंगरने १८८० च्या दशकात ते काढलं. पुढे त्यांना २७ आणि २८ असे नंबर मिळाले. २७ पूर्ण आकाराचं, २८ त्याच्या पाऊणपट. हातमशीन म्हणून २८ फार खपलं. नंतरच्या सुधारलेल्या जोडीला १२७ आणि १२८ म्हणतात. फरक ओळखायची एक सोपी युक्ती आहे: १२७-१२८ मध्ये दाब दिला की शटल आपणहून वर उचललं जातं, २७-२८ मध्ये ते बोटांनी उपसावं लागतं.

खाली काहीच सापडलं नाही, म्हणजे बॉबिन नाही आणि शटलही नाही, तर मशीन मोडकं आहे असं समजू नका. शिवलेल्या कापडाची उलटी बाजू बघा. तिथे साखळीसारखी वीण दिसत असेल आणि दोऱ्याचं टोक ओढल्यावर टीप भराभर उसवत असेल, तर ते एकाच दोऱ्यावर चालणारं साखळी टाक्याचं यंत्र. यातलं सर्वांत प्रसिद्ध विलकॉक्स अँड गिब्ज. इंग्रजी जी अक्षरासारखा त्याचा सांगाडा असतो, त्यामुळे लांबूनही ओळखू येतं. ते घडवणारे जेम्स गिब्ज व्हर्जिनियातले शेतकरी होते. दुसऱ्या कंपनीच्या मशीनचं छापील चित्र त्यांनी बघितलं. चित्रात खालची बाजू दिसत नव्हती, म्हणून ती कशी असेल याचा स्वतःच विचार केला आणि त्यातून निराळीच रचना काढली. त्यांचं पेटंट १८५७ सालचं.

नंबर कुठे असतो आणि तो काय सांगतो

सिंगरचा नंबर शोधायला फार खटपट लागत नाही. बैठकीच्या उजव्या टोकाला, खांबाच्या पायाशी थोडा उंचवटा असतो, त्यावर तो ठोकलेला असतो. तेल, धूळ आणि दर खंडेनवमीला लावलेल्या हळदीकुंकवाचे थर यांखाली तो बुजलेला असू शकतो. मशीनच्या तेलात भिजवलेल्या कापसाने हळूहळू पुसा. थिनर, स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावायचा मोह टाळा. जुन्या मशीनवरची सोनेरी नक्षी लाखेच्या पारदर्शक थराखाली असते आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. आकडा वाचता येईल, पण नक्षी फडक्यावर येईल.

नंबराच्या आधी अक्षर नसेल, नुसतेच आकडे असतील, तर सिंगरचं मशीन साधारणपणे १९०० च्या आधीचं. त्यानंतर कंपनीने कारखान्यांना अक्षरं वाटून दिली. वाय हे अक्षर स्कॉटलंडचं, साधारण १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९३५ पर्यंतचं. एफ त्याच कारखान्याचं, पण त्याआधीचं. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून ईए, ईबी, ईसी अशी जोडाक्षरं सुरू झाली, तीही तिथलीच. जी आणि पुढची एए वगैरे अक्षरं अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या एलिझाबेथ इथली. सी म्हणजे जर्मनीतलं विटेनबेर्गे. डब्ल्यू म्हणजे अमेरिकेतलं ब्रिजपोर्ट, जो कारखाना मुळात सिंगरच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचा, व्हीलर अँड विल्सनचा होता आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंगरने गिळला.

भारतात आलेली सिंगर मशीनं बहुतेक स्कॉटलंडचीच. ग्लासगोजवळ क्लाइडबँक गावात किलबोवी इथे कंपनीने १८८० च्या दशकात प्रचंड कारखाना उभारला. त्याच्या मनोऱ्यावर चार तोंडांचं घड्याळ होतं, आणि असं चौमुखी घड्याळ जगात याहून मोठं नव्हतं असं म्हणतात. १९१३ मध्ये या एका कारखान्यातून १३ लाखांच्या घरात मशीनं बाहेर पडली. १९६३ मध्ये मनोरा पाडला, १९८० मध्ये कारखाना बंद झाला, पण रेल्वे स्टेशनाचं नाव मात्र आजही सिंगर आहे. मॉडेलच्या आकड्यानंतर के असेल, जसं १५ के किंवा २०१ के, तर तो के किलबोवीचाच. अमेरिकेतल्या मॉडेलांना असं अक्षर नसे, आकड्यांमध्ये आडवी रेघ असे, उदाहरणार्थ १५-८८.

आता एक पथ्य. नंबरावरून साल सांगणाऱ्या कोष्टकात नंबर शोधला आणि समोर तारीख आली की ती मशीनची जन्मतारीख म्हणून सांगितली जाते. ती तारीख नंबर वाटपाची आहे. कंपनी कारखान्याला नंबरांचा एक मोठा गठ्ठा एकदम देई आणि तो गठ्ठा कुठल्या मॉडेलसाठी, हे आपल्या वहीत टिपून ठेवी. मग त्या गठ्ठ्यातली मशीनं पुढचे काही महिने, कधी त्याहून जास्त काळ बनत राहत. त्यानंतर बोटीचा प्रवास, मुंबई किंवा कलकत्त्याचं गोदाम, मग दुकान. कोष्टकात १९२५ असेल तर घरी मशीन १९२७ ला आलं यात काही विसंगती नाही. आजीचं म्हणणं आणि कोष्टक यांत दोन-तीन वर्षांचा फरक असेल तर दोघंही बरोबर असू शकतात. वीस वर्षांचा असेल तर एक शक्यता अशी की मशीन घरी आलं तेव्हाच ते जुनं होतं. जुनी मशीनं तेव्हाही विकत घेतली जात.

आणि प्रत्येक आकडा हा मशीनचा नंबर नसतो. सुट्या भागांवर 'सिमँको' असं लिहिलेलं आणि पुढे चार-सहा आकडे दिसतात. सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी या नावाचीच ती आखूड केलेली छाप, आणि आकडा त्या सुट्या भागाचा. बैठकीच्या पोटात ओतीव लोखंडात उठलेले मोठे आकडे साच्याचे असतात. हे आकडे कोष्टकात घालून बसलात तर मशीन कधी १८७० चं निघेल, कधी निघणारच नाही.

नाव वेगळं, घडवणारा वेगळा

सिंगरची गोष्ट सोपी, कारण सिंगरने स्वतःचं नाव कधी लपवलं नाही. अवघड असतात ती बाकीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत शिलाई मशीनचे कारखाने पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवले: ड्रेस्डेनला क्लेमेन्स म्युलर आणि झायडेल उंड नाउमान, बर्लिनला फ्रिस्टर उंड रोसमान, कार्ल्सरूहला हाइड उंड नॉय, शेजारच्या दुर्लाखला ग्रिट्झनर, कैसरस्लाउटर्नला १८६२ मध्ये गेओर्ग मिखाएल प्फाफ, ज्यांचं नाव आपल्याकडे सरसकट फाफ म्हणून घेतलं जातं. यांतले अनेक जण सिंगरच्या रचनेचीच मशीनं बनवत आणि ती उघडपणे 'सिंगर पद्धतीची' म्हणून विकत. हा झगडा कोर्टात गेला. फ्रिस्टर उंड रोसमानची मशीनं लंडनमध्ये विकणाऱ्या लूग नावाच्या व्यापाऱ्यावर सिंगरने दावा लावला. तो इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला आणि १८८२ मध्ये सिंगर हरली. म्हणजे जुन्या कागदावर किंवा जाहिरातीत सिंगर शब्द दिसला, एवढ्यावर मशीन सिंगर ठरत नाही. तो शब्द तिथे पद्धतीचं नाव म्हणूनही असू शकतो.

दुसरी गुंतागुंत व्यापाऱ्यांच्या नावांची. कारखाना मशीन कोरं पाठवी आणि दुकानदार किंवा आयातदार त्यावर स्वतःचं नाव, एखाद्या देवतेचं, राणीचं किंवा प्राण्याचं चित्र चढवून घेई. ती सोनेरी अक्षरं कारखान्यातच चिकटवली जात, त्यामुळे ती अगदी अस्सल दिसतात आणि असतातही. फक्त ती विकणाऱ्याची असतात. असं अनोळखी नाव दिसलं की मी त्या नावाचा इतिहास शोधत बसत नाही. सरकत्या पट्ट्या काढून त्यांच्या कडेला किंवा मागे कारखान्याची आद्याक्षरं गुंफलेली एखादी मुद्रा आहे का बघतो, शटलवर काही कोरलंय का बघतो, मशीन उलटं करून पोटातला साचा बघतो, आणि बॉबिन भरायची चकती कुठे आणि कशी बसवलीय याचा फोटो काढतो. दोन कारखान्यांची मशीनं वरून हुबेहूब असली तरी बॉबिन भरायची कळ आणि टाक्याची लांबी ठरवायचा स्क्रू यांत प्रत्येकाची खोड वेगळी असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच गोष्ट जपानने केली. सिंगर १५ ची नक्कल त्यांनी इतक्या नावांनी जगभर पाठवली की त्या नावांची यादी करण्यात अर्थ नाही. अशा मशीनच्या पोटात जे-ए किंवा जे-सी आणि पुढे आकडा अशी छाप असते, तीच खरी ओळख. 'ऑक्युपाइड जपान' असे शब्द असतील तर मशीन १९५२ च्या आधीचं, कारण त्या वर्षी अमेरिकी ताबा संपला.

देशाच्या नावावरूनही बरंच काही कळतं. ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाची खूण मागायला सुरुवात केली. 'मेड इन जर्मनी' ही छाप तिथून सर्रास झाली. भारतातही असाच कायदा १८८९ मध्ये आला. म्हणून जर्मनी असा शब्द असलेलं मशीन बहुधा त्यानंतरचं धरावं. 'डी. आर. पी.' ही तीन अक्षरं जर्मन साम्राज्याच्या पेटंटची, म्हणजे १८७७ नंतरची. 'डी. आर. जी. एम.', म्हणजे छोट्या सुधारणांच्या जर्मन नोंदणीची खूण, असेल तर १८९१ नंतरची. पूर्व किंवा पश्चिम जर्मनी लिहिलं असेल तर अर्थातच १९४९ नंतरची. विटेनबेर्गेचा तोच सिंगरचा कारखाना युद्धानंतर पूर्व जर्मनीत सरकारी झाला आणि तिथून व्हेरिटास नावाची मशीनं निघू लागली.

पेटंटच्या तारखांचं मात्र भान ठेवा. पट्टीवर १८७१, १८७९, १८८२ अशी रांग असेल तर शेवटची तारीख एवढंच सांगते की मशीन त्याआधीचं नाही. नंतरचं किती, हे ती सांगत नाही, कारण कारखाने जुन्या तारखा वर्षानुवर्षं तशाच छापत. मँचेस्टरजवळच्या जोन्स कंपनीच्या मशीनवर राणी अलेक्झांड्राला माल पुरवल्याचा झोकात उल्लेख असतो. अलेक्झांड्रा १९०१ मध्ये राणी झाली, म्हणून मशीन १९०१ च्या आधीचं नाही. पण हा मजकूर राणी गेल्यावरही बरीच वर्षं मशीनवर मिरवत राहिला.

खालचं टेबल साक्षीला धरू नका

पायमशीनच्या लोखंडी स्टँडवर मोठ्या अक्षरांत सिंगर ओतलेलं असतं आणि वर बसलेलं मशीन भलत्याच कंपनीचं असतं. याचं कारण साधं आहे. बैठकीचा आकार आणि बिजागऱ्यांची जागा बऱ्याच कंपन्यांनी सिंगरसारखीच ठेवली, त्यामुळे एकाचं मशीन दुसऱ्याच्या स्टँडवर आरामात बसतं. घरातलं मशीन झिजलं की शिंपी वरचं तेवढं बदलून घेई, स्टँड तोच राही. कधी हातमशीनला पाय मिळत, कधी पायमशीनला हँडल. मोटर तर हमखास नंतरची. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात विकायला आलेल्या मशीनच्या बाबतीत मी स्टँड, लाकडी टेबल आणि मशीन या तिन्ही गोष्टी स्वतंत्र धरतो. तिघांचं मूळ एकच निघालं तर उत्तमच.

वय ताडायला छोटी छोटी अंगंही मदत करतात. टाका उलटा घालायची कळ नसेल आणि लांबी फक्त स्क्रूने बदलत असेल, तर रचना जुनी. उलटी टीप मारता येत असेल तर घरगुती सिंगर साधारण १९३० नंतरचं. टीप नागमोडी पडत असेल, तर घरगुती मशीन बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचं. सारंगीसारखी कंबर असलेली बैठक एकोणिसाव्या शतकाकडे बोट दाखवते. नक्षीवरून साल ठरवायला मात्र मी कचरतो. स्फिंक्स असलेली नक्षी, पानाफुलांची नक्षी, ही वर्षानुवर्षं आणि एकाहून जास्त मॉडेलांवर चालली.

समजा, तुमच्यासमोर लाकडी झाकणाचं एक छोटं हातमशीन आहे. अक्षरं पुसट, पण सिंगर वाचता येतं. आत लांब बॉबिन, गोळीसारखं शटल, ते कमानीत हलतं, म्हणजे २७-२८ चं कुटुंब. आकार पाऊणपट, म्हणून २८ किंवा १२८. दाबल्यावर शटल वर येतं, म्हणून १२८. नंबर वायने सुरू होतो, म्हणून क्लाइडबँक आणि १९२०-३५ चा काळ, आणि मॉडेलचं पूर्ण नाव १२८ के. कोष्टकात नंबर घातला की नेमकं वर्ष मिळेल. एवढं सगळं कळलं आणि यात नावाचा उपयोग फक्त एकदा झाला. नाव पूर्ण पुसलेलं असतं तरी आपण जवळपास इथेच पोचलो असतो.

भारतातली वाट

सिंगरची मशीनं भारतात १८७० च्या दशकापासून येऊ लागली. इथला पसारा उभा केला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. कित्येक वर्षं भारताचा कारभार त्यांच्याकडे होता. कंपनीची हप्त्यांवर विकायची पद्धत इथेही चालली, म्हणून जुन्या घरांमध्ये कधी कधी हप्त्याची पावती किंवा पुस्तिका सापडते. अशी पावती सापडली तर तिला मशीनइतकंच जपा, कारण नंबर, मॉडेल आणि विक्रीची तारीख एकत्र सांगणारा दुसरा कागद क्वचितच मिळतो. टेबलाचा खण पूर्ण बाहेर काढून मागची फट बघा. तिथे सुया, बटणं आणि बिलं हमखास अडकलेली असतात.

देशी मशीनचा मोठा अध्याय १९३० च्या दशकात कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सने सुरू केला. तिथलीच उषा. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि देशी मशीनं घरोघरी पोचली. म्हणून एखाद्या घरात परदेशी काळं मशीन असेल आणि ते पहिल्या मालकाकडूनच आलेलं असेल, तर १९५० च्या दशकाच्या आधीचं असण्याची शक्यता जास्त.

यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ च्या एका संवादात सिंगरच्या मशीनला अपवाद केलं होतं. बायकोला शिवताना होणारा त्रास बघून सिंगरने हे यंत्र काढलं, अशी कथा त्यांनी प्रेमाने सांगितली. प्रत्यक्षातले आयझॅक सिंगर मुळात फिरते नट. एकाच वेळी एकाहून जास्त संसार चालवणारे आणि वीसच्या आसपास मुलांचे बाप. शिवणयंत्राचं मूळ पेटंटही त्यांचं नव्हतं. सुईच्या टोकाला नेढं आणि खाली शटल ही रचना एलायस हाउ यांनी १८४६ मध्ये पेटंट केली होती आणि सिंगरना त्यांना पैसे मोजावे लागले. कथा मात्र टिकली.

किंमत आणि अफवा

ओळख पटली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लाखात जाईल का? २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगर मशीनमध्ये 'लाल पारा' नावाचा जादुई पदार्थ असतो. सुईजवळ मोबाइल धरला आणि फोन बंद पडला तर पारा आहे, अशी परीक्षाही सांगितली जात होती. लोकांनी अक्षरशः वेड्यासारख्या किमती दिल्या. मशीनमध्ये लोखंड, पोलाद, थोडं पितळ आणि निकेलचा मुलामा, याखेरीज काही नसतं. जुन्या मशीनला लाखो देतो म्हणणारे निरोप मोबाइलवर आले तर तिथेच पुसून टाका.

ज्या मॉडेलची लाखो नगं बनली, त्याची किंमत नुसत्या वयाने चढत नाही. भाव मिळतो तो १८७० च्या आधीच्या मशीनला, बाजारात न चाललेल्या रचनांना, अल्पायुषी कारखान्यांच्या मालाला, किंवा नक्षी शाबूत असलेल्या, सगळे जोडभाग आणि किल्लीसकट असलेल्या पेटीला. काळा रंग नव्याने मारून सोनेरी स्टिकर चिकटवलेल्या मशीनची किंमत जाणकाराच्या नजरेत उतरते, म्हणून चमकवायची घाई नको.

कुणाला फोटो पाठवून विचारायचं असेल तर पूर्ण मशीनचा एकच सुंदर फोटो उपयोगाचा नसतो. समोरून, मागून, चाकाच्या बाजूने, उलटं करून पोटातून, सरकत्या पट्ट्या उघडून आणि शटल-बॉबिन शेजारी मोजपट्टीसकट, असे फोटो काढा. नंबर तिरप्या उजेडात टिपा, फ्लॅशने तो पुसट होतो. सिंगरच्या कंपनीची कागदपत्रं अमेरिकेत विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत आणि क्लाइडबँकच्या संग्रहालयात मशीनांचा मोठा संग्रह आहे. शिलाई मशीन जमवणाऱ्यांची इस्मॅक्स ही आंतरराष्ट्रीय संस्था नंबरांची कोष्टकं लोकांसाठी खुली ठेवते.

आणि मशीन वापरायचं असेल तर मॉडेल कळल्याचा रोकडा फायदा आहे. १५ च्या घराण्याला, तसंच २७, २८, १२७, १२८ या सगळ्यांना आज कुठल्याही शिवणसामानाच्या दुकानात मिळणारी साधी घरगुती सुई चालते. सिंगर १२ ला मात्र तिची स्वतःची वेगळी सुई लागते आणि ती जुना साठा बाळगणाऱ्यांकडेच शोधावी लागते. चुकीच्या लांबीची सुई जबरदस्तीने बसवली तर शटलचं टोक पहिल्याच फेऱ्यात घासतं, आणि तसलं जुनं शटल पुन्हा मिळणं मशीन मिळण्यापेक्षा अवघड असतं.